मोडीच्या चॅनेलवरून कित्ता विकताना

मोडी लिपी शिकवणारे आमचे यूट्यूब चॅनेल सुरू झाले तेव्हा काही विकण्याचा विचार आमच्या मनात नव्हता. व्हिडिओ पाहून लोकांनी अक्षरे गिरवावीत आणि आपल्या घरातले जुने कागद स्वतः वाचावेत, एवढाच हेतू होता. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी राज्य शासनाने न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली, ठिकठिकाणची मोडी दप्तरे उघडली जाऊ लागली आणि आमच्या चॅनेलवर येणारा वर्ग बदलला. तोपर्यंत आमचे बहुतेक प्रेक्षक इतिहासाची आवड असलेले निवृत्त शिक्षक आणि अभ्यासक होते. आता तालुक्याच्या गावांतले तरुण, वकिलांच्या कचेरीत काम करणारे आणि जमिनीच्या जुन्या कागदांत पूर्वजांची नावे शोधणारे लोक येऊ लागले. या सर्वांचा प्रश्न मात्र एकच असे, तो म्हणजे सरावासाठी आखलेली वही कुठे मिळेल?

हा प्रश्न क्षुल्लक नाही. मोडी लिहिताना आधी कागदाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शिरोरेषा ओढून घेतात आणि मग तिच्या खाली हात शक्य तितका कमी उचलत अक्षरे लिहीत जातात. बाजारातल्या शाळकरी वहीत डावीकडे समास असतो, ओळी जवळजवळ असतात आणि पान उभे असते. हात मोकळा चालू लागतो न लागतो तोच ओळ संपते. आम्ही सुरुवातीला आखलेल्या पानांची पीडीएफ मोफत दिली होती आणि ती आजही मोफतच आहे. पण घरच्या प्रिंटरच्या पातळ कागदावर बोरू, म्हणजे काडीची लेखणी, टेकवला की शाई फुटते, अक्षराची कड पसरते आणि शिकणाऱ्याला वाटते की आपल्याच हाताला वळण नाही. त्यामुळे पहिली वस्तू कोणती असावी हे आम्हांला ठरवावे लागले नाही. ती धड्यातूनच पुढे आली.

स्वतःचे चॅनेल असलेल्या आणि काही विकू पाहणाऱ्या प्रत्येकाला मी प्रथम हेच सांगते. चॅनेलचे नाव छापलेला पेला किंवा टोपी कुणीही विकू शकते. प्रेक्षक ती एकदा प्रेमाने घेतो आणि कपाटात ठेवतो. व्हिडिओ संपल्यावर प्रेक्षकाला जे करायचे आहे, त्यात जी वस्तू उपयोगी पडते, तिला मागणी टिकते आणि ती विकताना आपल्यालाही संकोच वाटत नाही.

वही छापण्यासाठी पुण्याच्या नारायण पेठेतल्या एका जुन्या छापखान्यात गेले. तिथल्या काकांनी दर सांगण्याआधी म्हटले, ‘‘ताई, कागदाचं नंतर बोलू. आधी तुमची शाई आणि तो बोरू घेऊन या.’’ या एका वाक्यामुळे पुढचा बराच खर्च वाचला. कागद जितका जाड तितका चांगला अशी सर्वसाधारण समजूत असते आणि आम्हीही १०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला १०० ग्रॅम वजनाचा, मॅपलिथो कागद मागायला गेलो होतो. प्रत्यक्षात शाई फुटणे हे जाडीपेक्षा कागदाला दिलेल्या खळीवर जास्त अवलंबून असते. काकांनी निरनिराळ्या गिरण्यांच्या कागदाचे तुकडे समोर ठेवले आणि मी प्रत्येकावर ‘क’ काढत गेले. त्यांतल्या एका जाड कागदावर शाई पसरली, तर त्याहून हलक्या कागदावर ती जिथल्या तिथे वाळली. शेवटी निवडलेला कागद किंचित पिवळसर छटेचा आहे. डोळ्यांना तो पांढऱ्या कागदाइतका टोचत नाही आणि मागच्या बाजूला अक्षर उमटत नाही.

बांधणीवरही बरीच चर्चा झाली. तारेची बांधणी स्वस्त पडते, पण आडव्या वहीत लिहिताना डावीकडच्या तारेवर मनगट अडते. सेंटर पिनची वही फार पाने झाली की नीट मिटत नाही. नुसत्या गोंदाने चिकटवलेली वही सपाट उघडत नाही, आणि सपाट न उघडणाऱ्या पानावर लांब शिरोरेषा सरळ ओढता येत नाही. म्हणून दोऱ्याने शिवलेली जुजबंदी घेतली. ती महाग आहे, परंतु या वहीपुरती ती चैन नसून गरज आहे. पानांची संख्या सोळाच्या पटीत ठेवली, कारण एका फर्म्यात सोळा पाने बसतात आणि मधलीच संख्या घेतली तर कागद वाया जातो. गिरवायची अक्षरे फिकट राखाडी रंगात छापली. हा रंग जास्त गडद झाला तर गिरवलेली रेघ दिसत नाही आणि फार फिकट झाला तर ज्येष्ठांना मूळ अक्षर दिसत नाही. आमच्या शिकणाऱ्यांत साठी ओलांडलेले लोक पुष्कळ असल्यामुळे या एका बाबीसाठी प्रूफ पुन्हा पुन्हा काढले.

ऑफसेटवर छापताना प्लेटचा खर्च थोड्या प्रतींना आणि पुष्कळ प्रतींना सारखाच येतो. त्यामुळे प्रती वाढल्या की एका वहीचा खर्च उतरतो, पण न खपलेल्या वह्या घरात पडून राहण्याची भीतीही तितकीच असते. आम्ही आगाऊ नोंदणीचा मार्ग घेतला. चॅनेलवर वहीचा नमुना दाखवला, किंमत सांगितली, पाठवण्याची तारीख जाहीर केली आणि त्या तारखेला वही निघाली नाही तर पैसे परत मिळतील असेही सांगितले. तारीख ठरवताना छापखान्याने दिलेल्या मुदतीत आम्ही आपल्या बाजूने आणखी अवधी मिळवला होता. दिवाळीच्या आधी दिवाळी अंकांमुळे पुण्यातले छापखाने गर्दीत असतात आणि तेव्हा कुणाच्याही मुदतीवर विसंबता येत नाही.

वहीच्या जोडीला बोरू द्यायचा हेही ओघानेच आले. बोरूचे टोक तिरके छाटावे लागते आणि मधोमध बारीक चीर द्यावी लागते. ते हातानेच होते आणि प्रत्येक बोरू थोडा वेगळा उतरतो. ज्यांच्याकडून आम्ही बोरू घेतो ते गृहस्थ प्रत्येक बोरूने एक ओळ लिहून मगच तो देतात. शाई मात्र आम्ही संचात ठेवली नाही. बाटली प्रवासात फुटली तर आपला संच जातोच, शिवाय त्याच पोत्यातली दुसऱ्यांची पार्सलेही खराब होतात. त्याऐवजी कोणत्या प्रकारची शाई जवळच्या दुकानात मागावी आणि तिच्यात पाणी किती घालावे, हे सांगणारा व्हिडिओ केला. तो आमच्या सर्वांत जास्त पाहिल्या गेलेल्या व्हिडिओंपैकी एक आहे.

टी-शर्टची मागणी तरुण प्रेक्षकांकडून आली आणि तिथे कामाची सगळी रीत बदलली. टी-शर्टचा साठा करायचा म्हणजे लहानापासून मोठ्यापर्यंत प्रत्येक मापाचे आणि प्रत्येक रंगाचे नग आधी विकत घेऊन ठेवायचे. त्यांत नेमके जे माप संपते तेच लोकांना हवे असते. म्हणून टी-शर्टसाठी मागणी आल्यावर छापून देणारा पुरवठादार निवडला. यात एका नगाचा खर्च जास्त येतो आणि माल आपल्या नजरेखालून न जाता थेट ग्राहकाकडे जातो. ही दुसरी बाब गंभीर आहे. एका पुरवठादाराने पाठवलेल्या नमुन्यात शिरोरेषा मध्येमध्ये तुटली होती. विचारल्यावर उत्तर आले की डिझाइनमध्ये एवढे चालते. फुलापानांच्या नक्षीत ते चालत असेल, पण आमच्या छपाईत ती रेघ म्हणजे लिपीचा कणा आहे. आम्ही तो पुरवठादार सोडला. दुसऱ्याकडून आलेला नमुना उलटा करून वारंवार धुतला, उन्हात वाळवला आणि छपाईला भेगा पडत नाहीत हे पाहूनच विक्रीला ठेवला. हे कापड १८० जीएसएमचे सुती आहे. त्याहून पातळ कापडावर गडद छपाई घेतली की छातीवर पुठ्ठा लावल्यासारखे वाटते.

मोडीला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरील अक्षरांच्या जागतिक संकेतप्रणालीत, जागा मिळाली ती २०१४ साली, ७.० या आवृत्तीत. तरीही डिझाइनच्या अनेक सॉफ्टवेअरांत मोडीची अक्षरे नीट जुळत नाहीत आणि बहुतेकांच्या फोनवर मोडी मजकुराच्या जागी चौकोन दिसतात. त्यामुळे आमच्या सगळ्या छपाईची अक्षरे बोरूने कागदावर लिहून, मोठ्या रेझोल्यूशनवर स्कॅन करून मग रेषाचित्रात उतरवलेली आहेत. हे काम माझी धाकटी बहीण करते. बोरूची शाई संपत आली की रेघेत जो खरखरीतपणा येतो, तो कापडावर जसाच्या तसा उमटत नाही. तेव्हा तो कुठे ठेवायचा आणि कुठे भरून घ्यायचा हे प्रत्येक अक्षरापाशी थांबून ठरवावे लागते.

पुष्कळ जणांना आपले नाव मोडीत छापून हवे असते. इथे एक अडचण आहे. मोडीत ऱ्हस्व आणि दीर्घ इकार-उकारांचा भेद सहसा पाळत नाहीत. आपल्या नावाच्या शुद्धलेखनाविषयी दक्ष असलेल्या माणसाला मोडीतले नाव चुकीचे वाटू शकते. म्हणून नाव छापण्यापूर्वी आम्ही ते लिहून त्याचे छायाचित्र ग्राहकाला पाठवतो, हा भेद समजावून सांगतो आणि त्याचा होकार आल्यावरच छपाईला देतो. नाव छापलेला कपडा परत घेता येत नाही, हेही तेव्हाच सांगितलेले असते.

याहून अवघड विषय छत्रपती शिवाजी महाराजांचा होता. मोडी आणि शिवकाल ही जोडी लोकांच्या मनात पक्की आहे, त्यामुळे महाराजांचे चित्र किंवा नाव असलेला टी-शर्ट काढा, अशी मागणी सतत होत असे. तसा माल बाजारात उघडपणे विकला जात असल्याने त्यात काही अडचण असेल असे कुणालाच वाटत नाही. पण १९५० चा बोधचिन्हे आणि नावे यांच्या अनुचित वापरास प्रतिबंध करणारा केंद्रीय कायदा आहे. व्यापारधंद्यासाठी जी नावे व चित्रे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय वापरता येत नाहीत, त्यांची यादी त्याच्या परिशिष्टात आहे. त्या यादीत महात्मा गांधी आणि पंडित नेहरू यांच्याप्रमाणेच छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव व चित्र आहे. कॅलेंडरवरील चित्रांना तेवढी अटींसह मोकळीक आहे. एका वकील प्रेक्षकांनी आम्हांला ते परिशिष्ट वाचायला दिले आणि आमच्यापुरता विषय संपला. खरे तर कायदा नसता तरी मी ते छापले नसते. कपडा घामाने भिजतो, पायपुसण्याच्या जवळ पडतो, जुना झाला की त्याचे फडके होते. ज्या नावापुढे आपण मान लववतो ते नाव त्या वाटेने जाऊ नये, असे मला मनापासून वाटते. आमच्या टी-शर्टवर मोडीची मुळाक्षरे आहेत, महिन्यांची नावे आहेत आणि ऋतूंची नावे आहेत. महाराजांचे नाव किंवा चित्र का छापत नाही, हे आम्ही एका स्वतंत्र व्हिडिओत स्पष्ट सांगितले. त्यावर काही लोक रागावले, परंतु मागणी थांबली.

हयात कवींच्या ओळी मोडीत लिहून छापा, असेही लोक सुचवतात. भारतात लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षांपर्यंत स्वामित्वहक्क राहतो. त्यामुळे लेखी परवानगीखेरीज तो विषय आम्ही काढत नाही. अभिलेखागारांतल्या कागदांच्या छायाचित्रांबाबतही हीच शिस्त पाळतो. अभ्यासासाठी मिळालेली प्रत विक्रीच्या वहीत छापायची तर संबंधित संस्थेची वेगळी परवानगी घ्यावी लागते.

आता कागदपत्रांविषयी. लघुउद्योगांसाठीची उद्यम नोंदणी आधार व पॅनच्या आधारे ऑनलाइन आणि विनाशुल्क होते. महाराष्ट्रात थोडे कामगार असलेल्या लहान आस्थापनेला २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली केवळ सूचना द्यावी लागते. या दोन कागदांवर बँकेत चालू खाते उघडले गेले. खरा गोंधळ जीएसटीचा असतो आणि तो मी जरा सविस्तर सांगते, कारण चॅनेल चालवणारे बहुतेक लोक इथेच अडखळतात. जाहिरातींचे उत्पन्न ही सेवा आहे. सेवेसाठी २० लाखांपर्यंतच्या वार्षिक उलाढालीला नोंदणीची सक्ती नाही आणि सेवा परराज्यात दिली तरी ही सवलत राहते. महाराष्ट्रात केवळ माल विकणाऱ्याला ४० लाखांची मर्यादा आहे. हे दोन आकडे ऐकून माणूस निश्चिंत होतो. पण माल राज्याबाहेर पाठवायचा असेल तर, हस्तकला वस्तूंसारखे काही अपवाद सोडता, पहिल्या नगापासून नोंदणी लागते. यूट्यूबचा प्रेक्षक राज्याची सीमा पाहून येत नाही. आमच्याकडे बडोदे, इंदूर, बेळगाव, हैदराबाद आणि तंजावर इथले मराठी लोक पहिल्यापासून आहेत, आणि तंजावरला तर मोडी कागदांचा मोठा संग्रहच आहे. या लोकांना वही नाकारणे आम्हांला मान्य नव्हते, म्हणून आम्ही विक्री सुरू करण्याआधीच नोंदणी केली.

नोंदणीनंतर प्रत्येक वस्तूचा एचएसएन क्रमांक, म्हणजे करासाठीचा वर्गीकरण क्रमांक, पाहावा लागतो. सराव वही ४८२० खाली येते आणि विणीच्या कापडाचा टी-शर्ट ६१०९ खाली. वह्यांवर पूर्वी १२ टक्के कर होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला. ही बातमी ग्राहकासाठी आनंदाची आहे. मात्र करमुक्त मालासाठी आपण जो कर भरलेला असतो, त्याचे इनपुट क्रेडिट, म्हणजे वजावट, मिळत नाही. त्यामुळे वहीची किंमत पूर्ण १२ टक्क्यांनी उतरेल असे गृहीत धरणाऱ्यांना आम्हांला हिशेब समजावून सांगावा लागला. टी-शर्टवर आमच्या किमतीला ५ टक्के कर आधीही होता आणि आताही आहे. ४९९ रुपयांच्या टी-शर्टमधले २३ रुपये ७६ पैसे कराचे असतात. उरलेल्या रकमेतून कापड, छपाई, वेष्टन, टपाल आणि पेमेंट गेटवेचे शुल्क जाते. आमच्या गेटवेचे शुल्क साधारण २ टक्के आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी असे पडते. किंमत ठरवताना हे सगळे एका कागदावर मांडून पाहावे आणि मगच ती व्हिडिओत बोलावी, कारण एकदा तोंडातून गेलेली किंमत लोकांच्या लक्षात राहते.

बंद पाकिटातल्या वस्तूवर कमाल किरकोळ किंमत सर्व करांसह, नगसंख्या, उत्पादनाचा महिना व वर्ष, बनवणाऱ्याचे किंवा बांधणाऱ्याचे नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क छापावा लागतो. २०११ चे पॅकबंद वस्तूंचे नियम घरून विकणाऱ्यालाही लागू आहेत. आम्ही हा मजकूर वहीच्या मागच्या मुखपृष्ठावरच घेतला, त्यामुळे वेगळी चिठ्ठी चिकटवावी लागली नाही.

दुकान आणि चॅनेल जोडण्याचे तांत्रिक काम या सगळ्याच्या मानाने सोपे निघाले. त्यासाठी चॅनेल यूट्यूबच्या पार्टनर प्रोग्रॅममध्ये, म्हणजे चॅनेलला कमाई करू देणाऱ्या योजनेत, असावे लागते. जाहिरात उत्पन्नासाठी तिथे १,००० सदस्य आणि गेल्या १२ महिन्यांत ४,००० तासांचे पाहणे, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना १ कोटी दृश्ये, अशी अट आहे आणि आम्ही तिच्यातल्या तासांच्या वाटेने आत आलो. आपले ऑनलाइन दुकान यूट्यूबला चालणाऱ्या सेवेवर असावे लागते. आम्ही शॉपिफाय घेतले. यूट्यूब स्टुडिओच्या कमाईच्या विभागात शॉपिंग असते, तिथून दुकान जोडले की वस्तू तपासणीला जातात. ही तपासणी यूट्यूबच्या आणि गूगल मर्चंट सेंटरच्या नियमांनुसार होते. परतफेडीचे धोरण, पाठवणीची मुदत आणि संपर्क या गोष्टी दुकानावर स्पष्ट लिहिलेल्या असतील तर ती लवकर पार पडते. वस्तूंची नावे आम्ही देवनागरीत लिहिली. मोडीत लिहिली असती तर तपासणाऱ्यालाही चौकोनच दिसले असते आणि शोधणाऱ्यालाही.

लिपी शिकवणाऱ्या चॅनेलने एका अटीकडे आवर्जून लक्ष द्यावे. चॅनेल ‘मुलांसाठी बनवलेले’ असेल, किंवा त्यावर तसे व्हिडिओ मोठ्या प्रमाणात असतील, तर वस्तू जोडता येत नाहीत. आमचे धडे मुख्यतः प्रौढांसाठी आहेत आणि तशीच नोंद आहे. शाळकरी मुलांसाठी केलेली अक्षरगीते आम्ही वेगळ्या चॅनेलवर ठेवली आणि तिथे काहीही विकत नाही. मुलांसमोर विक्री नसावी हा नियम मला योग्य वाटतो.

जोडणी झाल्यावर चॅनेलवर दुकानाचा स्वतंत्र टॅब दिसू लागतो आणि प्रत्येक व्हिडिओला वस्तू टॅग करता येतात. एका व्हिडिओला पुष्कळ वस्तू लावता येत असल्या तरी आम्ही त्या धड्याला लागणारी एखादीच लावतो. ‘क ते ज्ञ’च्या धड्याखाली वही, बोरू छाटण्याच्या व्हिडिओखाली बोरूचा संच, एवढेच. शॉर्ट्सच्या वर्णनातले आणि टिप्पण्यांतले दुवे ऑगस्ट २०२३ अखेरपासून दाबता येत नाहीत. त्यामुळे तिथे दुकानाचा पत्ता लिहून उपयोग होत नाही, वस्तूच टॅग करावी लागते.

व्हिडिओत वस्तूविषयी किती बोलायचे, यावर घरात मतभेद होते. माझे मत होते की धडा सुरू असताना विक्रीचा शब्दही निघू नये. बहिणीचे म्हणणे होते की वहीचे पान समोर ठेवून शिकवले तर बोलण्याची गरजच उरत नाही. तिचेच बरोबर ठरले. धड्यात आमच्या हाताखाली तीच वही असते, शेवटी एका वाक्यात ती आमचीच आहे हे सांगतो आणि लगेच मोफत पीडीएफही उपलब्ध असल्याचे सांगतो. पीडीएफ चालू ठेवल्याने वहीची विक्री बुडेल असे अनेकांनी सुचवले होते. आमचा अनुभव उलट आहे, कारण आधी पीडीएफवर सराव करून मग वही मागवणारे बरेच आहेत. घरातला कागद वाचता यावा म्हणून शिकणाऱ्या माणसाला पैशाअभावी थांबावे लागू नये, ही गोष्ट मला विक्रीहून मोठी वाटते आणि म्हणून ती पीडीएफ कधीही काढली जाणार नाही.

पार्सलांनी मात्र आमची सर्वांत अधिक शक्ती घेतली. कुरिअरवाले प्रत्यक्ष वजनाइतकेच आकारमानाच्या वजनालाही महत्त्व देतात. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागायची. येणारे किलो प्रत्यक्ष वजनापेक्षा जास्त असतील तर त्यांवर पैसे लागतात. आमची आडवी वही आणि बोरूची नळी एका खोक्यात घातली की आत बरीचशी हवाच राही आणि ग्राहकाला त्या हवेचे भाडे पडे. नळीची लांबी वहीच्या लांबीइतकी करून ती वहीच्या कडेला बसवली, तेव्हा खोका निम्म्याने पातळ झाला. पावसाळ्यात कोकणात जाणाऱ्या पार्सलाला आतून पाणी न शिरणारे वेष्टन आणि बाहेरून कडक पुठ्ठा लागतोच, कारण एकदा ओल लागलेला कागद पुन्हा बोरूला नीट साथ देत नाही. मोठ्या शहरांत खासगी कुरिअर चालते, पण वाड्यावस्त्यांपर्यंत जाण्यासाठी टपाल खात्याचे स्पीड पोस्टच कामाला येते. आमच्या वहीचे कितीतरी वाचक अशा गावांत आहेत जिथे पोस्टमनदादांना पत्त्यापेक्षा माणूसच ओळखीचा असतो.

माल मिळाल्यावर पैसे देण्याची सोय आम्ही वहीसाठी ठेवली आणि टी-शर्टसाठी ठेवली नाही. न स्वीकारलेले पार्सल परत येते तेव्हा जाण्याचे आणि येण्याचे दोन्ही भाडे आपल्याला पडते. परत आलेली वही दुसऱ्याला देता येते, पण एखाद्याच्या मापाचा, त्याच्या नावाचा टी-शर्ट कुणालाच देता येत नाही.

तक्रारी येतातच. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांत तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात असे सांगितले आहे. आम्ही हे काम एकाच व्यक्तीकडे ठेवले आहे आणि ती व्यक्ती म्हणजे आमची आई. ती पत्राला उत्तर द्यावे तसे प्रत्येकाला सविस्तर लिहिते. एका आजोबांची वही टपालात कोपऱ्यावर दुमडली होती. आईने दुसरी वही पाठवून पहिली ठेवून घ्या म्हणून कळवले. काही काळाने त्यांनी पहिली वही पूर्ण गिरवून तिच्या पानांची छायाचित्रे पाठवली. शेवटच्या पानावर त्यांनी आपल्या पणजोबांच्या नावाची सनद मोडीत उतरवून काढली होती. त्या पानावर बोरूचा दाब कुठे वाढला आणि कुठे हलका झाला हे आम्ही सगळ्यांनी मिळून पाहिले.

परदेशातल्या मराठी मंडळींसाठीचे काम अजून बसलेले नाही. निर्यातीसाठी आयई कोड, म्हणजे आयात-निर्यातीचा नोंदणी क्रमांक, काढला, टपाल खात्याच्या डाकघर निर्यात केंद्रातून पार्सले पाठवायला सुरुवात केली. तेवढ्यात २०२५ च्या ऑगस्टअखेरीस अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची आयातशुल्क सवलत काढून घेतली आणि तिकडची टपाल पार्सले काही काळ थांबली. ऑक्टोबरमध्ये सेवा पुन्हा सुरू झाली, पण शुल्कासह एका वहीचा खर्च तिथल्या लोकांना परवडेल असे वाटेना. सध्या आम्ही अमेरिकेतल्या शिकणाऱ्यांना पीडीएफ आणि योग्य कागदाचे वर्णन देतो. महाराष्ट्र मंडळांच्या वर्गांसाठी एकत्रित मागणी आली तरच वह्या पाठवतो.

वहीच्या दुसऱ्या भागाचे काम चालू आहे. त्यात पेशवेकालीन दस्तऐवजांतली जोडाक्षरे आणि चिटणीसी, महादेवपंती, बिवलकरी व रानडी वळणांतले भेद गिरवायला असतील. नमुन्याच्या ओळी घेण्यासाठी ज्या संस्थेकडे परवानगी मागितली आहे, तिचे उत्तर अजून यायचे आहे. तोपर्यंत बहिणीने बिवलकरी वळणाची पाने लिहून काढली आहेत आणि छापखान्यातल्या काकांनी जाड कागदाचा नवा नमुना पाठवला आहे. परवानगी हाती आल्याशिवाय आणि नमुन्यावर शाई वाळलेली पाहिल्याशिवाय या भागाची आगाऊ नोंदणी आम्ही उघडणार नाही.